पाणी पेटतं तेव्हा

प्रश्न : मी गणिताचा निवृत्त शिक्षक. आमच्या सोसायटीच्या सभेत अध्यक्ष उभे राहिले आणि म्हणाले, 'पाण्याचा प्रश्न ऐरणीवर असताना मागच्या कमिटीने त्याचं भिजत घोंगडं ठेवलं, आता तो पेटलाय आणि खापर मात्र माझ्या डोक्यावर फुटतंय.' मला हसू आवरेना. बाकीची ३९ माणसं गंभीर चेहऱ्याने माना डोलवत होती. ऐरण, घोंगडं, आग आणि मडकं एका वाक्यात मावतं कसं, आणि लोकांना ते कळतं तरी कसं? अध्यक्ष तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत.
– एक वाचक, पंढरपूर

उत्तर : सर, मी अध्यक्षांच्या बाजूची आहे, हे आधीच सांगून टाकते. सोलापुरात एका दैनिकाच्या डेस्कवर मी ३१ उन्हाळे काढले आणि 'उजनीचं पाणी पेटलं' हा मथळा दिल्याशिवाय त्यातला एकही गेल्याचं आठवत नाही. उजनी साधारण ११७ टीएमसीचं (म्हणजे ११७ अब्ज घनफुटांचं) धरण, पण त्यातलं ६३ टीएमसीच्या वर पाणी मृतसाठ्यात, म्हणजे एरवी वापरात न धरायच्या तळच्या साठ्यात धरलेलं. त्याच्या वरचं संपलं की धरण शून्यावर येतं, आणि पुढे वजा दहा टक्के, वजा वीस टक्के असं उलटं मोजत जातं. आमच्याकडे चहाच्या टपरीवरसुद्धा 'उजनी मायनसमध्ये गेली' असं म्हणतात, घरातलं कुणी आजारी पडल्यासारखं. 'मृतसाठ्यावर भागणार शहराची तहान' हा मथळा मी स्वतः दिलेला आहे. मेलेलं पाणी पिऊन जिवंत माणसं जगणार, हे तेव्हा माझ्या मनातही आलं नाही. वाचकाच्याही आलं नसणार. त्याला नळ किती दिवसांनी येणार तेवढं हवं होतं.

या 'पेटण्या'कडेच जरा बघा. बातमीत दुचाकी 'पेट घेते', दुकानाला 'आग लागते', झोपडी 'जळून खाक' होते. नुसतं 'पेटतं' ते आंदोलन, पेटतो तो वाद, पेटतं ते पाणी. खऱ्या विस्तवाचं काम भाषेने दुसऱ्या शब्दांकडे दिलं आणि 'पेटला' हा शब्द भांडणासाठी जवळजवळ मोकळा करून ठेवला. तेव्हा पाणी पेटलं म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांसमोर ज्वाळा येत नाहीत, पंचायत समितीसमोर बसलेली माणसं येतात.

हे आपल्या जुन्या पंडितांना चांगलं ठाऊक होतं. अकराव्या शतकातल्या काश्मीरच्या मम्मटाने याला रूढीची लक्षणा, म्हणजे वापरून वापरून रुळलेला दुसराच अर्थ, म्हटलं आणि उदाहरण दिलं 'कुशल' या शब्दाचं. कुश म्हणजे दर्भ. तो उपटून आणणारा तो कुशल. दर्भ बोट कापतो, म्हणून तो नीट आणायला हात तयारीचा लागतो. पुढे दर्भ गळाला आणि तयारी तेवढी राहिली. आज 'कुशल वेल्डर पाहिजे' अशी पाटी वाचून कुणी दर्भाची जुडी घेऊन जात नाही. 'प्रवीण'मध्ये वीणा आहे, तरी आपण बाईला स्वयंपाकात प्रवीण म्हणतोच. त्याच्याही पुढे जा. तेल म्हणजे तिळाचं ते तेल, आणि आपण शेंगदाण्याचं तेल खातो. शाई हा शब्द फारसीतल्या 'सियाह'वरून आला, म्हणजे काळी. तुम्ही आयुष्यभर लाल शाईने पेपर तपासलेत, सर. काळ्याने लाल लिहिताना एकदाही हसलात का?

पण तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे. एकेक शब्द झिजलेला असेल, तरी चार वेगवेगळी चित्रं एका दमात कशी चालतात?

माझे वडील कुर्डुवाडीला रेल्वेत पॉइंटमन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. तुम्ही पंढरपूरचे, तुम्हाला बार्शी लाइट ही छोटी गाडी सांगायला नको. मुंबई-सोलापूरचा मोठा रूळ साडेपाच फूट रुंद, आणि पंढरपूरला जाणारा छोट्या गाडीचा रूळ अडीच फूट. या रुळावरचा डबा त्या रुळावर कधीच जाऊ शकत नसे. तरी आषाढीला हजारो माणसं कुर्डुवाडीत मोठ्या गाडीतून उतरायची, फलाट ओलांडायची आणि छोट्या गाडीत बसायची. डोक्यावर बोचकं तेच, जायचं तिथेच. रूळ बदलला म्हणून कुणी पंढरी विसरल्याचं वडिलांनी पाहिलं नव्हतं.

वाक्यातही असंच होतं. मायकेल किमेल नावाच्या अभ्यासकाने २०१० मध्ये एक निबंध लिहिला. युरोपीय संघाबद्दलच्या सार्वमतांवर ब्रिटिश वृत्तपत्रांत जे छापून आलं, ते त्याने तपासलं. जिथे रूपकं दाटीने आली होती तिथे ती बहुतेक मिसळलेलीच निघाली, आणि त्याने वाचणाऱ्यांचं काही अडत नाही, असं त्याचं म्हणणं. त्याने दिलेलं कारण मला कुर्डुवाडीची आठवण देतं. ही रूपकं बहुधा वेगवेगळ्या उपवाक्यांत बसलेली असतात. एक कालचं बोलतं, दुसरं आजचं. एक माझं, दुसरं त्यांचं. ऐकणारा एकेक उपवाक्य पुरतं करतो, हाती आलेला अर्थ उचलतो आणि गाडी सोडून देतो.

आता अध्यक्षांचं वाक्य उपवाक्यांपाशी मोडून बघा. प्रश्न किती निकडीचा होता? ऐरणीवर. मागच्यांनी काय केलं? भिजत ठेवलं. आज काय स्थिती आहे? पेटलाय. बोलणी कोण खातंय? मी. हे चार वेगळे मुद्दे आहेत आणि चारही मुद्दे पेलणारं एक चित्र मराठीत तरी मला सापडत नाही. ऐरणीला घाव घालायची वेळ झाल्याचं सांगता येतं, आळस सांगता येत नाही. आळसासाठी ओलं घोंगडंच पाहिजे. आमच्या भागातलं घोंगडं एकदा भिजलं की पिळवत नाही, उचलवत नाही, वाळता वाळत नाही. मागच्या कमिटीचं इतकं नेमकं वर्णन दुसऱ्या कशाने झालं असतं?

अध्यक्षांनी सगळं लोहारशाळेतच ठेवलं असतं तर? मी करून पाहिलं. 'पाण्याचा प्रश्न ऐरणीवर असताना मागच्या कमिटीने भाता बंद ठेवला, लोखंड गार पडलं आणि आता घण माझ्या डोक्यावर पडतोय.' चित्र एकसंध झालं, पण दोन घोटाळे झाले. लोखंड गार पडलं म्हणजे लोक शांत झाले, असा उलटाच अर्थ निघाला. आणि सगळी सभा टँकर विसरून लोहाराकडे बघत बसली. एकच रूपक ओढत नेलं की ऐकणाऱ्याचं लक्ष रूपकावर जातं. कवीला ते हवं असतं. सोसायटीच्या अध्यक्षाला पाण्याचं बिल मंजूर करून घ्यायचं असतं.

तरी तुम्ही हसलात ते उगाच नाही, आणि तुमच्या जोडीला फार मोठा माणूस आहे. पहिल्या शतकातला रोमन वक्तृत्वशिक्षक क्विंटिलियन याने तक्रार करून ठेवलीय की कित्येक जण सुरुवात वादळाने करतात आणि शेवट आगीत नाहीतर पडझडीत. अध्यक्षांनी पाण्याने सुरुवात केली, आग लावली आणि शेवटी खापर फोडलं. क्विंटिलियनसाहेब सभेला असते तर तुमच्या शेजारच्या खुर्चीत हसत बसले असते.

माझ्या मते तुम्हाला हसवलं ते 'पाणी' या शब्दाने. प्रश्न लिफ्टचा असता तर 'भिजत घोंगडं' कानावरून गेलं असतं. पण विषयच खऱ्या पाण्याचा होता, त्या पाण्याने घोंगडं खरोखर भिजवलं आणि मग ते भिजलेलं पेटलं. झोपलेलं रूपक बातमीचा विषय अंगावर पडला की जागं होतं. डेस्कवर नव्या पोरांना मी एवढं एकच सांगायची : वाक्प्रचार टाकण्याआधी बातमी कशाची आहे ते बघा. नेत्ररुग्णालयाच्या बातमीत प्रशासनाची 'डोळेझाक' नको. दंतवैद्यांच्या मोर्च्यात 'दातखीळ' नको. अग्निशमन दलाच्या संपात काहीही 'पेटवू' नका. ऐकायचे नाहीत. एकाने दूधदराच्या बातमीत 'शेतकऱ्यांचा संताप उतू गेला' असं मुद्दाम लिहिलं आणि मी ते ठेवलं, कारण ते त्याला दिसलं होतं.

मग सगळंच माफ का? नाही. 'महागाईच्या भस्मासुराने कंबरडं मोडलं' हे मी दिसेल तिथे खोडलं. भस्मासुर कंबर मोडत नाही, डोक्यावर हात ठेवून राख करतो, आणि शेवटी नाचता नाचता स्वतःच्याच डोक्यावर हात ठेवून संपतो. महागाई तशी संपत असती तर आणखी काय हवं होतं! 'भ्रष्टाचाराच्या भस्मासुराची पाळंमुळं खणून काढू' हे तर एका सभेच्या बातमीत आलं होतं. राक्षसाला मुळं फुटलेली. इथे दोन्ही चित्रं एकाच उपवाक्यात, एकमेकांच्या मांडीवर बसलेली. मधे फलाट नाही, उतरायला जागा नाही. आणि भस्मासुर झिजलेला शब्द नव्हे, त्याची गोष्ट घरोघरी अजून सांगतात.

अध्यक्षांकडे जा, चहा घ्या, हसल्याबद्दल दिलगिरी व्यक्त करा. फक्त गप्पांच्या ओघात 'कुठेतरी पाणी मुरतंय' असं म्हणू नका. वरच्या टाकीला गळती असेल तर ते खरं ठरेल, आणि नसेल तर जास्तच खरं ठरेल.

प्रश्न : सातवीतल्या मुलीने 'माझी आई' या निबंधात लिहिलं, 'आई म्हणजे दिवा, आई म्हणजे सावली, आई म्हणजे विहीर.' बाईंनी खाली शेरा मारला, 'दिवा आणि सावली एकत्र कसे? रूपकांची सरमिसळ.' मुलगी हिरमुसली आहे.
– एक आई, नाशिक

उत्तर : मुलीला म्हणावं, तुझ्या वर्गात रोज म्हणतात त्या पसायदानातही हेच आहे.

*चला कल्पतरूंचे आरव। चेतना चिंतामणींचे गाव। बोलते जे अर्णव। पीयूषांचे॥*

संत कसे? चालती झाडं, जिवंत रत्नांची गावं, बोलणारे अमृताचे समुद्र. एका ओवीत माणूस झाड होतो, गाव होतो, समुद्र होतो. पुढच्या ओवीत तोच चंद्र आणि तोच सूर्य, 'चंद्रमे जे अलांछन, मार्तंड जे तापहीन'. १२९० पासून ही ओवी कुणी ऐकली आणि विचारलं, की समुद्र आहेत तर चालतात कसे? ज्ञानेश्वरांनी हे नकळत केलेलं नाही. झाड देतं, पण एका जागी उभं असतं, म्हणून 'चला'. रत्न देतं, पण निर्जीव, म्हणून 'चेतना'. समुद्र अमृताचा, पण मुका, म्हणून 'बोलते'. चंद्राला डाग आहे आणि सूर्य पोळतो, तेवढं काढून टाकलं. प्रत्येक उपमान अपुरं पडणार हे आधीच धरून त्याची उणीव जागच्या जागी भरली आणि मग पुढचं घेतलं.

अलंकारशास्त्रात मिश्रणाला दोन नावं आहेत. तिथे गोष्ट अलंकारांच्या मिश्रणाची आहे, पण इथेही उपयोगी पडते. एक संसृष्टी, तीळ आणि तांदूळ मिसळल्यासारखी, दाणा न् दाणा वेगळा दिसतो. दुसरा संकर, दूध आणि पाणी मिसळल्यासारखा, निवडता येत नाही. तुमच्या लेकीने तीळतांदूळ केलेत. तीन वाक्यं, तीन दाणे. अभ्यासाला बसवते तेव्हा आई दिवा, बाबा रागावतात तेव्हा सावली, आणि विहीर का ते तिलाच विचारा. मला उत्सुकता आहे. आमच्या घरात आई आणि विहीर यांचा संबंध फक्त पाणी शेंदण्यापुरता होता.

बाईंवर रागावू नका. एका गठ्ठ्यात साठ 'माझी आई' वाचल्यावर दिवा आणि पणती यांतला फरकही दिसेनासा होतो.

प्रश्न : आमचे 'हे' नेहमी म्हणतात, 'चला, वाहत्या गंगेत घोडं न्हालं!' मी दर वेळी दुरुस्त करते. बरोबर कोण?
– एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : तुम्ही बरोबर, पण त्यांचं जास्त चांगलं आहे.

'वाहत्या गंगेत हात धुऊन घेणं' म्हणजे आयती संधी साधणं. 'गंगेत घोडं न्हालं' म्हणजे रखडलेलं काम एकदाचं पार पडलं. दोन्हींत गंगा एकच. माझ्या वडिलांच्या भाषेत बोलायचं तर गंगा हा सांधा आहे. जीभ भरधाव त्या शब्दापर्यंत येते आणि सांधा पलीकडे पडलेला असला तर दुसऱ्या रुळावर निघून जाते. बहुतेक म्हणी अशाच ठिकाणी घसरतात, जिथे दोघींत एक शब्द सारखा असतो. 'नाकी नऊ' आणि 'नाकात दम' यांचं मिळून 'नाकात नऊ' होतं. 'गाढवापुढे वाचली गीता' आणि 'माकडाच्या हाती कोलीत' यांत सारखा शब्दही लागत नाही, दोघं मूर्ख आहेत तेवढं पुरतं. माकडाला गीता वाचून दाखवल्याचं मी एका माजी नगरसेवकाच्या तोंडून ऐकलंय.

कळतं का, तर कळतं, कारण तुमचे यजमान ते कधी म्हणतात हे तुम्हाला माहीत आहे. रखडलेलं काम दुसऱ्या कुणाच्या तरी कामाबरोबर फुकटात उरकलं की, असा माझा अंदाज. शेजाऱ्याने बर्फ काढायला माणूस बोलावला आणि त्याने तुमचाही रस्ता साफ करून दिला, असं काहीतरी. असं असेल तर त्यांनी दोन्ही म्हणींचा अर्थ नीट एकत्र बांधलाय आणि मराठीत या प्रसंगाला आधी शब्दच नव्हता. दुरुस्त करायचं सोडा, वापरायला लागा.

प्रश्न : दुसऱ्यांच्या चुका काढता. तुमच्या हातून असं कधी छापून गेलं का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : गेलं.

गिरणी बंद पडल्यावर कामगारांच्या थकीत देण्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालणारे एक गृहस्थ वारले. रात्री साडेबाराला वार्ताहराचा मजकूर आला, शहर आवृत्तीचं पान सोडायला दहा मिनिटं उरली होती. मी प्रूफ वाचलं, दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि पान सोडलं. सकाळी घरी चहा पिताना मथळा दिसला : 'आधारवड कोसळला, शोकसागरात बुडाला जनसागर'.

समुद्र समुद्रात बुडालेला. आणि पहिल्या अर्ध्यात झाड. चहा गार झाला. संध्याकाळी कामावर गेले तेव्हा ते पान संपादकांच्या टेबलावर होतं आणि दोन्ही सागरांभोवती लाल गोल होते. ते काही बोलले नाहीत, हसले. त्याचं जास्त लागलं.

तेवढ्यात वॉचमन सांगायला आला की वारलेल्या गृहस्थांचे भाऊ खाली आलेत. मला वाटलं, आता माफी मागावी लागणार. ते वर आले, उभ्यानेच म्हणाले, 'ताई, आजच्या अंकाच्या पाच प्रती मिळतील का? किती माणूस आलं होतं हो, तुमच्या पेपरात अगदी बरोबर आलंय.' मी प्रती दिल्या. पैसे घेतले नाहीत, तर त्यांनी दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती कडक भाकरी आणि शेंगाचटणी पाठवली.

त्यांचं किराणा दुकान आहे. मी अजून तिथूनच डाळ-तांदूळ आणते. गल्ल्याच्या वर, लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी ते कात्रण लॅमिनेट करून लावलंय. कागद पिवळा पडला, मथळा अजून ठळक आहे. सुटे पैसे मोजून हातात येईपर्यंत मी तो दर वेळी वाचते, आणि दर वेळी माझा हात पेनाकडे जातो.